तीन रंध्यांचा एक रंधा

सगळ्यात आधी करवतीचं सांगतो, कारण तिथे माझ्या हातून जे झालं ते आजही निस्तरता आलेलं नाही.

जुन्या सुतारी हत्यारांची एक पेटी माझ्याकडे आली होती. आत एक बीडाचा रंधा, एक हातकरवत, तीन पटाश्या आणि एक लाकडी रंधा. सगळ्यांवर गंज इतका सारखा चढलेला की लोखंड कुठे संपतं आणि लाकूड कुठे सुरू होतं ते हात लावल्यावरच कळावं. नवशिक्याला अशा वेळी एकच गोष्ट सुचते, घासायचं. मी साठ नंबरचा, म्हणजे चांगलाच खरखरीत, पॉलिश पेपर घेतला आणि करवतीचं पातं तासाभरात लख्ख केलं. फोटो वगैरे काढले.

मग शोध सुरू केला की ही करवत कोणाची. मुठीवर पितळेची चकती होती, तिच्यावर गरुड आणि ‘वॉरंटेड सुपिरियर’ अशी अक्षरं. मला वाटलं, सापडलं. प्रत्यक्षात ही चकती कुठल्या एका कारखान्याची नाहीच. अनेक कारखाने आपल्या दुय्यम मालाला आणि दुसऱ्याच्या नावानं विकायच्या करवतींना ती सर्रास लावत. फिलाडेल्फियाच्या डिस्टनसारख्या कारखान्याची चकती असती तर तिनं बरंच सांगितलं असतं. तिथे ‘अँड सन’ असेल तर करवत १८६५ ते १८७१ मधली, ‘सन्स’ असेल तर त्यानंतरची, इतकं सरळ. गरुडवाल्या चकतीच्या बाबतीत मात्र खरं नाव असतं ते पात्यावर, आम्लानं कोरलेल्या नक्षीत. ही नक्षी केसाइतकीही खोल नसते. गंजाखाली ती काळपट सावलीसारखी शिल्लक राहते आणि साठ नंबरच्या पेपरसमोर पाच मिनिटंही टिकत नाही.

म्हणजे चकती मुकी आणि जे बोललं असतं ते मी पुसून टाकलेलं. करवत कापते छान. पण ती बेनामीच राहणार.

आता पातं साफ करायचं तर चारशे नंबरचा पेपर लाकडाच्या सपाट ठोकळ्याला गुंडाळतो, थोडं तेल घेतो आणि पाण्यावरून हात फिरवावा तसा फिरवतो. ठोकळा सपाट असल्यामुळे वरचा भाग उजळतो आणि कोरलेला खोलगट भाग काळा राहतो. एखादं अक्षर डोकावलं की तिथेच हात थांबवायचा. हे सगळं करवत वाया गेल्यावर शिकलो, ही गोष्ट वेगळी.

पटाश्यांची कथा छोटी आहे. एकीवर ‘कास्ट स्टील’ असं ठोकलेलं होतं. मी त्याचा अर्थ लावला बीड. बीडाची पटाशी म्हणजे ठिसूळ माल, असं म्हणून ती रंगाच्या डब्यांची झाकणं उचकटायला ठेवली. काही महिन्यांनी कळलं की या शब्दांचा बीडाशी काही संबंध नाही. शेफिल्डमध्ये १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन यानं मातीच्या मुशीत पोलाद पूर्ण वितळवून ओतायची रीत बसवली. त्या काळी ते उत्तम हत्यारी पोलाद होतं आणि पुढे दीडशे वर्षं कारखानदार तो शिक्का अभिमानानं मारत राहिले. पटाशीची माफी मागून तिला धार लावली. तिघींत धार जास्त वेळ टिकते ती तिचीच.

आता रंधा. नंबर पाच, म्हणजे जॅक प्लेन. चौदा इंच लांब, दोन इंची पातं. पुढच्या टोकाला ‘बेली’ असं ओतलेलं. लेनर्ड बेली या माणसानं पातं पुढे-मागे सरकवायची पितळी चकती वगैरे गोष्टी बसवल्या, स्टॅन्ले या अमेरिकन कंपनीनं १८६९ मध्ये त्याचे हक्क विकत घेतले आणि पुढची शंभर वर्षं जगभर त्याच रंध्याच्या नकला निघाल्या. ओळखायला सोपा आणि चुकायलाही सोपा.

पातं आणि पात्याखालचा उतरता ठोकळा (त्याला फ्रॉग म्हणतात, बेडकाशी साम्य मला तरी दिसलेलं नाही) काढल्यावर मागे बीडातच उठावाच्या तारखा दिसल्या. २५ मार्च ०२, १९ ऑगस्ट ०२, १९ एप्रिल १०. मी पहिली तारीख वाचून खूश, माझा रंधा १९०२ चा! अर्थात या पेटंटच्या तारखा, रंध्याच्या जन्माच्या नव्हेत. ज्या ओतकामावर एप्रिल १९१० लिहिलंय ते त्याआधीचं असूच शकत नाही. पुढची मर्यादाही तारखाच सांगतात. अमेरिकेत तेव्हा पेटंट सतरा वर्षं चालायचं, त्यामुळे १९०२ ची पेटंटं १९१९ मध्ये संपली. संपलेल्या पेटंटच्या तारखा कारखान्यानं यथावकाश साच्यातून काढून टाकल्या. विशीचं दशक सरलं तोवर तिन्ही तारखा एकत्र मिळेनाशा झाल्या होत्या.

पितळी चकतीचा व्यास मोजला तर एक इंच. १९२० च्या सुमारास ती सव्वा इंचाची झाली. पुढची मूठही बुटकी निघाली, उंच मूठ नंतरची. दोन्ही पुरावे एकाच दिशेला बोट दाखवत होते, १९१० ते १९१८-१९.

मग पात्यावरचा गंज हळूच उतरवला (एव्हाना अक्कल आली होती) आणि वरच्या टोकाला हृदयाच्या आकारात ‘एसडब्ल्यू’, म्हणजे स्टॅन्ले वर्क्स, असं दिसलं. हा शिक्का १९२० नंतरचा. विल्यम हार्ट या अध्यक्षाच्या आडनावावरून ते हृदय घेतलं होतं. म्हणजे पातं दुसऱ्या रंध्याचं. आणि पात्यावरच्या झाकणाचं, लीव्हर कॅपचं, भोक मूत्रपिंडाच्या आकाराचं. ते १९३३ पासूनचं. म्हणजे झाकण तिसऱ्याच रंध्याचं.

त्या संध्याकाळी मी फारच हिरमुसलो. ‘अस्सल’ म्हणून मिरवायला घेतलेली वस्तू तीन रंध्यांची गोधडी निघाली होती. शिवाय हे ‘टाइप’ म्हणून जे वर्गीकरण आहे ते नंतरच्या संग्राहकांनी केलेलं, कारखान्यानं नव्हे. कारखान्यात उरलेले जुने भाग नव्यावर बिनदिक्कत चढायचे. तरी १९१० आणि १९३३ एकत्र येण्यात कारखान्याचा हात नव्हता, हे उघड होतं.

रंधा घेऊन ओळखीच्या एका निवृत्त सुतारकाकांकडे गेलो. तारखांचं सगळं पुराण त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं,

“पातं किती उरलंय, बघितलंस का?”

नव्हतं बघितलं. त्यांनी पातं काढून मधल्या खाचेच्या टोकापासून धारेपर्यंत बोटं ठेवली. “दीड बोट आहे. तुझं काम बघता तुला पुरून उरेल.” मग सगळे भाग सुटे करून नुसतं बीडाचं अंग दोन बोटांत लोंबतं धरलं आणि टिचकी मारली. खणखणीत वाजलं. “तडा असता तर बद्द वाजलं असतं. पातं बाहेर येतं ना, त्या तोंडाच्या दोन कोपऱ्यांत बघायचं आधी. पडलेला रंधा तिथेच फुटतो.” झाकणाबद्दल विचारलं तर म्हणाले, “जुनं मोडलं असेल. माणूस काय काम थांबवून बसणार?”

गंज काढायला पहिल्यांदा झाकणाचे स्क्रू वगैरे बारीक भाग व्हिनेगरमध्ये टाकले. एक रात्र पुरे होती. विसरल्यामुळे तीन रात्री झाल्या आणि बाहेर आले ते करड्या, खरबरीत अंगानं. आम्ल गंज खातं आणि गंज संपला की लोखंडही खातं. मोठ्या अंगासाठी म्हणून वीज वापरली. प्लॅस्टिकची बादली, पाण्यात धुण्याचा सोडा, बारा व्होल्टचा बॅटरी चार्जर, ऋण टोक रंध्याला आणि धन टोक भंगार लोखंडाच्या पत्र्याला. उलटं जोडलं तर पत्रा साफ होतो आणि रंधा झिजतो. पत्र्याच्या जागी स्टेनलेस स्टील कधीही नको, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, तेव्हा हे काम उघड्यावर आणि हात घालण्याआधी वीज बंद. एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. आतला काळा मुलामा जिथे आधीच सैल होता तिथे तो पापुद्र्यासारखा सुटून आला. बाहेर काढल्यावर धुऊन, पुसून, ऊब देऊन लगेच तेल. दहा मिनिटं उशीर झाला तर नारिंगी छटा परत हजर.

या सगळ्यात मुठीचा पितळी नट कुठेतरी गेला. साधासा नट, कुठेही मिळेल, असं वाटलं. पाव इंची आणला तर खुळखुळतो, पाच मिलिमीटरचा जात नाही. स्टॅन्लेच्या मुठीचे आटे स्वतःचेच आहेत: १२ नंबरचा व्यास, म्हणजे जवळजवळ ७/३२ इंच, आणि इंचाला २० आटे. बाजारातल्या कुठल्याच नेहमीच्या मापात ते बसत नाहीत. जबरदस्ती करण्याआधी ते कळलं म्हणून आतली सळई वाचली. नट शेवटी बादलीच्या तळाच्या गाळात सापडला. आणि हो, पातं सरकवायच्या त्या पितळी चकतीचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या दिशेनं फिरवली की ती सैल होऊन मागे येते आणि पातं पुढे जातं. ती ‘काढायला’ मी किती वेळ चुकीच्या दिशेनं झटत होतो ते सांगत नाही.

जोडला, धार लावली आणि फळीवर मारला. पहिला छिलका अर्धा निघाला आणि तोंडात अडकला. दुसराही. तिसऱ्यानंतर आत कागदाच्या लगद्यासारखा गोळा. माझा संशय तळावर गेला. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून तळावर पेन्सिलीच्या रेघा मारल्या आणि रेघा जाईपर्यंत दोन दिवस घासत बसलो. तळ आरशासारखा झाला, छिलके तसेच अडकत राहिले. जॅक प्लेनचं काम ओबडधोबड फळी ताळ्यावर आणायचं. त्याला इतका सपाट तळ लागतही नाही.

दोष दुसरीकडेच होता. पात्याच्या पाठीवर चिपब्रेकर नावाची वाकडी पट्टी घट्ट बसते, छिलक्याला वळण देते. दोन्ही जोडून उजेडासमोर धरलं तर मधे एका बाजूला बारीक उजेड दिसला. कागदाच्या जाडीचाही नव्हता, पण छिलक्याचं टोक तिथे शिरत होतं आणि मागून येणारे सगळे त्याच्यावर आदळत होते. पट्टीची कड धार लावायच्या दगडावर, मागचं टोक किंचित खाली ठेवून, घासली. दहा मिनिटांचं काम. पात्याची पाठही धारेलगत अंगठाभर सपाट केली, कारण तिथे गंजाचा एक खड्डा बरोबर धारेवर येत होता आणि फळीवर एक बारीक उंच रेघ सोडत होता. धार मात्र सरळ ठेवली नाही. जॅकच्या पात्याला हलकी गोलाई दिली, म्हणजे कोपरे लाकडात रुतत नाहीत.

त्यानंतर मारला तेव्हा आवाजच बदलला. आधी खरवडल्यासारखा होता, आता कापड फाडावं तसा एकसलग. छिलका तोंडातून वर आला, गुंडाळत गेला आणि माझ्या मनगटावर पडला. फळीला नस उलटी होती तिथे मधेच कचकन उपटलं. फळी फिरवून घेतली आणि तेही थांबलं.

लाकडी रंध्याला मी अजून हात लावलेला नाही. त्याच्या पुढच्या टोकाला, लाकडाच्या आडव्या नसेत, सुतारांची नावं ठोकलेली आहेत. सगळ्यात वरचं कारखान्याचं, खालची तीन मालकांची. दुसऱ्यानं पहिल्याच्या नावावरच स्वतःचं ठोकलंय, त्यामुळे दोन्ही धड वाचता येत नाहीत. तिसऱ्यानं कोपऱ्यात जागा शोधली. साफ करायचं तर फक्त कोरडं फडकं.

मधे एकानं माझ्या नंबर पाचसाठी १९१० च्या काळातलं झाकण दिलं, चावीच्या भोकासारखं छिद्र असलेलं. आता रंधा निदान दोनच रंध्यांचा होईल म्हणून मी ते उत्साहानं बसवलं. पातं मागे घेताना झाकणही त्याच्याबरोबर मागे सरकायला लागलं, दर वेळी स्क्रू पिळून परत बसवा. १९३३ मध्ये भोकाचा आकार बदलला तो नेमका याच कटकटीसाठी. एक दिवस चालवून पाहिलं. ते झाकण आता तेलकट कागदात गुंडाळून खणात ठेवलंय आणि रंध्यावर परत मूत्रपिंडवालं चढवलंय.