बायदरिवर्साबाबिलन

सहावीत असताना माझ्या भूमितीच्या वहीच्या शेवटच्या पानावर एक इंग्रजी गाणं होतं. देवनागरीत. मुंबईच्या आतेभावाने आणलेली बोनी एम या पॉप गटाची कॅसेट थांबवत, मागे नेत, पुन्हा लावत मी ते अख्खं उतरवून घेतलं होतं. सुरुवात 'बायदरिवर्साबाबिलन' अशी. हा एकच शब्द आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आमच्या मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून, म्हणजे 'धिस इज अ पेन'च्या थोडं पुढे गेलेलो. तेवढ्या भांडवलावर आम्ही सहा जणांनी बहिणींच्या ओढण्या कमरेला बांधून गॅदरिंगला त्या गाण्यावर असा काही नाच केला, की दुसऱ्या दिवशी गणिताच्या सरांनीही चक्क नावाने हाक मारली.

ते गाणं म्हणजे बायबलातलं १३७ वं स्तोत्र आहे, हे कळायला पुढे वीस वर्षं गेली. देशोधडीला लागलेले ज्यू बाबिलोनच्या नद्यांकाठी बसून रडताहेत. त्यांना धरून आणणारे वर म्हणताहेत, तुमच्याकडचं एखादं गाणं होऊन जाऊ द्या की. आणि ते विचारतात, परक्या मुलखात आम्ही आमच्या देवाचं गाणं गावं तरी कसं? जमैकातल्या मेलोडियन्सनी १९७० मध्ये त्याचं गाणं केलं. १९७८ मध्ये जर्मनीतल्या एका निर्मात्याने ते बोनी एमकडून गाऊन घेतलं आणि तिथून कॅसेटवर बसून ते साताऱ्याला आलं. आम्ही त्यावर कंबर हलवली. आता वाटतं, सुरुवातीला जो नुसता गुणगुणण्याचा तुकडा आहे, तो वाजू लागला की तेव्हाही पोटात काहीतरी व्हायचं. अर्थात, ती स्टेजची भीतीही असेल.

तेव्हापासून ही सवय लागली ती लागलीच. घरात कधी पोर्तुगीज चालू असतं, कधी अरबी, मध्येच एखादं जपानी. आणि आलागेला हमखास विचारतो, 'शब्द कळत नाहीत तर ऐकतोस काय?' मी म्हणतो, तराणा ऐकताना तुम्हाला काय कळतं? 'दिर दिर तोम'चा अर्थ कुणी कुणाला विचारलाय? ख्यालातल्या ब्रज बंदिशीसुद्धा 'पिया' आणि 'बिरहा' एवढ्या दोन खुंट्यांना धरूनच आपण ऐकतो. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला भीमसेनजींचं 'भाग्यदा लक्ष्मी बारम्मा' लागल्याशिवाय आई निरांजन लावत नसे. पुरंदरदासांचं कन्नड पद. घरात कन्नडचा कुणाला गंध नाही. मला तर कितीतरी वर्षं 'बारम्मा' हे लक्ष्मीचं आडनाव वाटायचं. 'बारम्मा' म्हणजे 'ये गं आई'. हे कळल्यावर आईने फक्त एवढंच म्हटलं, 'मग मी इतकी वर्षं तेच तर म्हणत होते.'

इजिप्तच्या गायिका उम कुलसुम आमच्या घरात आल्या त्या आजीच्या मागच्या दाराने. आजी तेव्हा चौऱ्याऐंशीची, शेपू निवडत बसलेली. मी फोनवर 'इन्ता उम्री' लावलं होतं. हे १९६४ सालचं गाणं, चाल मोहम्मद अब्देल वहाब यांची. गाणं म्हणायचं खरं, पण मैफलीत ते तासभर चालतं. गायिका तोंड उघडण्याआधीच वाद्यवृंद कित्येक मिनिटं वाजत राहतो, त्यात मध्येच चक्क इलेक्ट्रिक गिटार डोकावते. मग बाई एक ओळ घेतात. तीच पुन्हा घेतात, जरा वळवून. श्रोते ओरडतात. मग तिसऱ्यांदा, आणखी निराळी. श्रोते वेडे होतात. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी त्यांची मैफल कैरोच्या रेडिओवरून ऐकवली जायची आणि सगळं अरब जग कान लावून बसायचं. ऐकणाऱ्याला अशी जी तंद्री लागते तिला अरबीत 'तरब' म्हणतात, वगैरे मी आजीला समजावू लागलो. तिने हाताने थांब म्हटलं.

'किती वेळ तेच तेच म्हणतेय ही बाई,' आजी म्हणाली. मला वाटलं, आता बंद करायला सांगते. तर म्हणाली, 'वन्समोर घेतेय. आमचे आण्णा गंधर्वांच्या नाटकाला जायचे ते उजाडल्यावर घरी यायचे. अर्धं नाटक वन्समोरातच.' थोड्या वेळाने विचारलं, 'म्हणतेय तरी काय?'

'तूच माझं आयुष्य, असं.'

'मग बरोबर आहे,' शेपूची काडी मोडत आजी म्हणाली, 'एकदा म्हणून कोण विश्वास ठेवणार?'

अरबी संगीतावरची मी वाचलेली पुस्तकं या एका वाक्यापुढे फिकी आहेत.

हेच गाणं पुढे मी एका पेटीवाल्या मित्राला ऐकवलं. त्याने दोन मिनिटांत पेटी पुढे ओढली आणि म्हणाला, ही तर भैरवी! त्याचं फार चुकलं नव्हतं. हे गाणं आहे मकाम कुर्दमधलं, मकाम म्हणजे अरबी संगीतातला रागच म्हणा, आणि कुर्दचे सूर आपल्या भैरवीच्या सुरांशी जुळतात. फरक एवढाच, की आपल्याकडे भैरवी आली की लोक चपला शोधू लागतात, आणि तिकडे तिच्यावर तासाभराचा संसार मांडतात. भैरवीवरून आठवलं. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर पृथ्वीच्या संगीताची सोनेरी तबकडी ठेवली, तीत गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. 'जात कहाँ हो'. सूर्यमालेबाहेर निघालेल्या यानावर 'कुठे निघालात?' असं विचारणारं गाणं. तिकडे कुणी ते ऐकलंच, तर त्यांची अवस्था माझ्या भूमितीच्या वहीसारखीच होणार.

मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. नवं गाणं आवडलं की महिनाभर अर्थ शोधायचा नाही. हा नियम एका जपानी गाण्याने घालून दिला. क्यू साकामोतो नावाच्या मुलाने १९६१ मध्ये गायलेलं. उड्या मारत चालल्यासारखा ठेका, मध्ये मस्त शीळ. १९६३ मध्ये ते अमेरिकेत, जपानी शब्दांसह, पहिल्या क्रमांकावर गेलं. मात्र मूळ नाव जिभेला जड म्हणून तिकडे विकलं 'सुकियाकी' या नावाने. सुकियाकी म्हणजे मांस आणि भाज्या एकत्र शिजवून खायचा जपानी पदार्थ, गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. एखाद्या विरही नाट्यगीताला परदेशात कुणी 'तांबडा रस्सा' म्हणावं, तसं. मी ते गाणं भाजी आणायला जाताना शीळ घालत म्हणायचो. एकदा मित्राच्या हळदीत पण वाजवलं. मग न राहवून अर्थ पाहिला. गाणारा म्हणतो, मी वर बघत चालतो, डोळ्यांतलं पाणी खाली सांडू नये म्हणून. कवी रोकुसुके एई यांना ते सुचलं, अमेरिकेबरोबरच्या कराराविरुद्धचं आंदोलन फसल्यावर, निदर्शनांहून घरी परतताना.

गाणं वाईट झालं असं नाही, उलट आता जास्तच आवडतं. पण ती भाजी आणायला जातानाची शीळ मात्र गेली, ती काही परत आली नाही.

परवा भाची आली होती, सातवीतली. रात्रंदिवस कोरियन गाणी. तिची इतिहासाची वही टेबलावर उघडी पडली होती आणि शेवटच्या पानावर देवनागरीत काहीतरी लिहिलेलं होतं. एकेक ओळ म्हणजे एकेक शब्द, मध्ये कुठेही मोकळी जागा नाही. मी मोठ्याने वाचायला लागलो तशी ती लाजली आणि उच्चार सुधारून द्यायला लागली. दोन ओळी तिच्या मागून म्हटल्या. तिसरीला सूर बरा लागला.

'मामा, याचा अर्थ माहितीये?' तिने विचारलं. 'मी शोधलाय. सांगू?'

'थांब,' मी म्हटलं. 'आधी चौथी ओळ शिकव.'