कुंभार्ली घाट चढून आलेला केंड

चिपळूणहून कराडला यायचं तर कुंभार्ली घाट भल्या पहाटे गाठावा. पोफळी मागे पडली की वळणावळणाला धुकं, आणि पुढे बर्फाचं पाणी गळवत चाललेला मासळीचा टेंपो. त्याला ओव्हरटेक करायच्या फंदात पडू नये. हेळवाक, कोयनानगर, पाटण करत आम्ही त्याच्या मागोमागच कराडात शिरलो आणि प्रीतिसंगमावर जाण्याआधी मासळी बाजारात घुसलो.

एक मावशी क्रेटमधला माल निवडत होत्या. बांगड्यांतून त्यांनी वीतभर लांबीचा एक मासा शेपटीला धरून बाजूला टाकला. पाठ हिरवट राखाडी, पोट पांढरं, अंगावर खवला नाही. बोट फिरवलं तर पोट किसणीसारखं खरखरीत. तोंडात पुढे चारच दात, पण जाळं कुरतडायला तेवढे पुष्कळ. पाण्यात डिवचला तर हाच मासा पाणी गिळून टम्म फुगतो. इथे बर्फात पार पिचकला होता.

शेजारी उभ्या गिऱ्हाइकानं विचारलं, "टाकताय कशाला मावशी? द्या की, कालवणाला हुईल."

"केंड हाय तो! मांजराला पण घालत नाय आमी," मावशी उसळल्याच.

केंड म्हणजे पफर फिश, विषारी मासा. पण त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. घाटावर मासा म्हणजे रोहू, कटला, मरळ, वाम. विष म्हटलं की आपल्याला आठवतो नाग, त्यातही शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याचा. पण नाग चावला तर दवाखान्यात निदान लस तरी मिळते. केंडाच्या विषावर उताराच नाही. टेट्रोडोटॉक्सिन हे त्याचं नाव, जपानच्या ताहारा यांनी 1909 मध्ये दिलेलं. दोनेक मिलिग्रॅम पोटात गेलं तरी धडधाकट माणूस दगावू शकतो. ते मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग बुजवतं, मग मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचतच नाही. आधी ओठ-जीभ बधिर होतात, मुंग्या येतात, उलट्या होतात, हातपाय लुळे पडतात आणि शेवटी श्वास थांबतो. यातलं सगळ्यात भयंकर म्हणजे माणूस बराच वेळ शुद्धीवर असतो. बोलता येत नाही, पण ऐकू येत असतं. वेळेत व्हेंटिलेटर मिळाला आणि पहिला दिवस निभावला तर बहुतेक जण वाचतात.

आपल्याकडे सगळ्याला एकच इलाज, 'चांगलं उकळून घ्या'. इथे तो चालत नाही. हे विष शिजवून जात नाही, बर्फात ठेवून जात नाही, सुकवूनही जात नाही. मासा ते स्वतः तयार करत नाही. बॅक्टेरिया तयार करतात आणि खाण्यातून ते त्याच्या अंगात साठत जातं. म्हणून तर नियंत्रित खाद्यावर वाढवलेले केंड जवळपास बिनविषारी निघतात. जास्तीत जास्त विष असतं काळजात, म्हणजे यकृतात, आणि गाबोळीत, म्हणजे अंड्यांच्या पिशवीत. काही जातींच्या कातडीत आणि मांसातही असतं.

गाबोळी म्हटलं की आमच्यासारख्यांची पंचाईत! इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकचीही झाली होती. 1774 मध्ये पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर त्यानं असल्या माशाचं काळीज आणि गाबोळी नुसती चाखली, तर रात्री हातापायांतली शक्ती गेली. आतडी खाल्लेलं डुक्कर मात्र मेलं. जपानमध्ये परवानाधारक आचारी हा मासा साफ करतात, तरी काबुकी या तिथल्या पारंपरिक नाट्यातले नट बांदो मित्सुगोरो 1975 मध्ये क्योटोत काळजाच्या चार प्लेटी खाऊन गेले. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण इतकी?

मावशींनी तो केंड कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत टाकला, तोंडाला गाठ मारली. उकिरड्यावर टाकला तर कुत्री ओढतात, म्हणाल्या. मग आमचे बांगडे साफ करायला घेतले.

संगमावर चक्कर मारून दुपारी खानावळीत बसलो. पोऱ्या म्हणाला, "गाबोळी हाय, ताजी." बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, कशाची?

"रोहूची. कोयनेतली."

दोन प्लेट सांगितल्या.