आठवीच्या वर्गात जड गोष्ट उघडताना

बापाची दारू, आईचं मरण, नको असलेला स्पर्श, पुरात गेलेलं घर. असल्या विषयांवरच्या किशोर कादंबऱ्या शाळेत नकोत म्हणणाऱ्यांनी आपल्या कोकणातल्या पालगडच्या साने गुरुजींकडे बघावं. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त गरिबी आहे, सावकाराचा तगादा आहे, शेवटी आईचा मृत्यू आहे. ती आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या हाती देतोच. तेव्हा विषय वर्गात यावेत; मेहनत लागते ती ते कसे उघडायचे याला.

कोकणात पहिली अडचण ओळखीची. पटावर वीस-बावीस मुलं, सगळी दोन-तीन वाड्यांतली. कोणाचा बाप पितो, हे सगळ्यांना ठाऊक. गोष्टीतला बाप ट्रॉलरवर खलाशी असला आणि पावसाळी मासेमारी बंदीत घरी बसून पीत असला, की अख्खा वर्ग मान वळवून एकाच बाकाकडे बघतो. ते पोर मग महिनाभर तोंड उघडत नाही. म्हणून सुरुवात दूरच्या मुलखातल्या गोष्टीने करावी, विदर्भातली किंवा शहरातली चालेल. आणि चिपळूणसारख्या ठिकाणी, जिथे २०२१चा पूर घराघरात शिरला, तिथे पुराची गोष्ट जुलैत मुळीच काढू नये. थंडीत काढावी.

पुस्तक शिक्षकाने आधी पूर्ण वाचायचं. जड पानांचे आकडे एका कागदावर लिहायचे आणि तो कागद मुख्याध्यापकांना व पालकसभेला दाखवायचा. गणपतीनंतर सभा ठेवली तर चाकरमानी मुंबईला परतलेले असतात, सभेला आजी येते. तिला नुसतं पुस्तकाचं नाव सांगू नका, उतारा वाचून दाखवा.

तास कोणता, याचा विचार फारसा होत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. शेवटच्या तासाला वाचलंत तर ज्याला थांबून काही सांगायचंय त्याची एसटी सुटेल. ते पोर न सांगताच घरी जाईल. मोठ्या सुट्टीच्या आधीचा तास घ्या. शनिवार नको, मध्ये रविवार येतो. पस्तीस मिनिटांत पंधरा मिनिटं वाचन, बारा मिनिटं बोलणं आणि शेवटी काहीतरी हलकं. जड पानावर घंटा होऊ देऊ नका. मारहाणीचं पान मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यायचं नाही, ते शिक्षकाने वाचावं. आत्महत्येचा प्रसंग असेल तर ती कशी केली हे सांगणाऱ्या ओळी गाळाव्यात. ऐकवत नसेल त्याला ग्रंथालयात पुस्तकं लावायला जाऊ द्या, कारण विचारू नका. एरवीही दर तासाला दोघातिघांना तिकडे पाठवत राहा, म्हणजे उठून जाणारा नजरेत येत नाही.

‘तुमच्या घरी असं होतं का?’ हा प्रश्न कधीच नको. बोलणं पात्रावर ठेवा: ‘हा मुलगा इथे गप्प का राहिला?’ तळकोकणात हेच ‘तो गप कित्याक रवलो?’ असं विचारलंत तर मागच्या बाकावरूनही उत्तर येतं. गुण मात्र देऊ नका. ‘मध्यवर्ती कल्पना पाच ओळींत लिहा’ म्हटलं की मुलं गाईड शोधतात आणि गोष्ट तिथेच मरते.

वर्गात बिननावाच्या चिठ्ठ्यांचा डबा ठेवा, पण तो रोज उघडा. आठवडाभर पडून राहिलेली चिठ्ठी धोक्याची. आणि ‘मी कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा. मदतीसाठी मुलांची हेल्पलाइन १०९८ आहे, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६. दोन्ही नंबर फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर राहू द्यावेत, नाहीतर त्या दिवशीच लिहिले की कोणासाठी लिहिले हे वर्ग ओळखतो. सांगणाऱ्या मुलाला खोदून विचारायचं नाही. त्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख घालून लिहायचे आणि ती वही कुलपात ठेवायची, स्टाफरूमच्या टेबलावर नाही.