वाफसा न येणारी पिशवी

आमची रोपवाटिका नारायणगावच्या बाजूला. इथं धंदा मुख्यतः टोमॅटोचा. टोमॅटोचं रोप ट्रेमधूनच शेतात जातं, पिशवीचा प्रश्नच येत नाही. पपईचं तसं नाही. ९८ कप्प्यांच्या ट्रेमधलं रोप तीन-चार पानांवर आलं की आम्ही ते ४ बाय ६ इंची पिशवीत घेतो आणि तिथं महिनाभर वाढवून मग देतो.

त्या वर्षी शिरूरकडच्या एका शेतकऱ्याची तैवान ७८६ या पपईच्या जातीच्या दोन हजार रोपांची मागणी होती. "रोपं दमदार द्या, पिशवी मोठी असली तरी चालेल," म्हणाला. मलाही वाटलं, मोठ्या पिशवीत मुळी मोकळी पसरेल. ८ बाय १० च्या पिशव्या आणल्या. लहान पिशवीत जेमतेम अर्धा किलो माती बसते, हिच्यात तीन किलोच्या वर. पोयटा आणि शेणखताची एक जादा ट्रॉली मागवावी लागली तेव्हाच खरं तर डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. रोपवाटिकेत कामाला असलेल्या मावशी बोलल्याही होत्या, "दादा, तान्ह्या पोराला बापाचा सदरा कशाला घालताय?" मी हसून सोडून दिलं. शेवटी पिशव्या कमी पडल्या, म्हणून तीसेक रोपं त्यांनी जुन्या लहान पिशव्यांत लावून कडेला ठेवली.

बारा-पंधरा दिवसांनी खालची पानं पिवळी पडू लागली. जूनच्या सरी येऊन जात होत्या. मी उपाशी रोपं समजून १९:१९:१९ खत पाण्यात कालवून मुळाशी ओतलं, आळवणी केली, म्हणजे आधीच ओल्या मातीत आणखी पाणी. चौथ्या दिवशी सकाळी शेडनेटमध्ये गेलो तर एका ओळीतली अकरा रोपं बुंध्यातून मुरडून आडवी पडलेली.

ब्लेडनं एक पिशवी उभी चिरली. वरची बोटभर माती कोरडी आणि खाली नुसता गाळ. नाकाजवळ नेली तर नाल्यासारखा वास. मधोमध कोकोपीटचा गोळा ट्रेमधून काढला तसाच, निमुळता. त्यातून दोन मुळ्या बाहेर आलेल्या, टोकाला तपकिरी. एक चिमटीत धरून ओढली तर वरची साल हातात आली आणि आत दोऱ्यासारखी शीर तेवढी उरली. मूळकूज. दरवर्षी शेतकऱ्यांना मीच ही खूण सांगत असतो.

मुळी पाणी पिते आणि पिशवी सुकते, म्हणून आत हवा शिरते. एवढीशी मुळी तीन किलो मातीतलं पाणी कधी पिऊन संपवणार? वरची माती सुकलेली दिसायची आणि आमचा माणूस झारी घेऊन फिरायचा. शेतात आपण वाफसा येईपर्यंत, म्हणजे जादा पाणी निथळून मातीत हवा खेळेपर्यंत थांबतो. त्या पिशव्यांना वाफसा आलाच नव्हता.

कडेची तीस रोपं मात्र काळीशार. तोच पाऊस, तीच माती. त्यातली एक पिशवी चिरली तर पांढऱ्या मुळ्यांनी हुंडी, म्हणजे आतला मातीचा गोळा, जाळीसारखी बांधलेली.

दोन दिवस सगळी माणसं लावून वाचण्याजोगी रोपं उपसली, वाळू वाढवून लहान पिशव्यांत घेतली आणि वर प्लास्टिक टाकलं. कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची आळवणी केली. पण सडलेली मुळी त्यानं परत येत नाही. चौदाशेच्या आसपास जगली. सहाशे रोपांचं बी गेलं, आणि पपईचं हे बी महागाचं.

उलटी चूकही मी केलेली आहे. मागे लहान पिशवीतली शेवग्याची रोपं गिऱ्हाईक येईना म्हणून तशीच ठेवली, तर सोटमूळ तळाशी घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलं. पण ते तीन महिन्यांनंतर. इथं पंधरा दिवसांत खेळ आटोपला.

शेतकरी टेम्पो घेऊन आला तेव्हा पिशव्या बघून त्याचं तोंड उतरलं. "मोठी पिशवी ठरली होती ना, शेठ?" मी काही न बोलता एक लहान पिशवी चिरून हुंडी त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती उलटीसुलटी करून पाहिली, मग म्हणाला, "उरलेली सहाशे कधी देताय?"