आमची वाटचाल : ढोलकी कोणी वाजवली?

सांगलीच्या खणभागात एका छोट्या खोलीत स्क्रीन प्रिंटिंगवर लग्नपत्रिका छापून आम्ही सुरुवात केली. मी आणि माझे धाकटे दीर, दोघंच. लग्नसराई संपली की पावतीपुस्तकं, गणपती मंडळांचे अहवाल, हळदीच्या व्यापाऱ्यांची लेटरहेडं. पुढं एक जुनं मिनी ऑफसेट छपाईचं मशीन घेतलं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली आणि मशीन, कागदाची रिमं, गिऱ्हाइकांच्या जपून ठेवलेल्या प्लेटा, सगळं पाण्याखाली गेलं. फुगलेला कागद दोन दिवस फावड्यानं बाहेर काढत होतो. त्यानंतर स्वतःचं मशीन घेतलं नाही. मांडणी, डिझाइन आणि मजकूर आम्ही करायचा, छपाई दुसऱ्याच्या प्रेसवर करून घ्यायची, अशी घडी बसवली. ती हळूहळू बसलीही.

आज जे सगळे विचारतात, ते आमच्या गाण्यांच्या द्वैमासिकाबद्दल. म्हणून तेच सविस्तर लिहिते.

मिरजेत तंतुवाद्यांचं जुनं दुकान असलेले एक गृहस्थ आमचे गिऱ्हाईक. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे घडले. आता दुकानात तंबोऱ्याशेजारी गिटार, कीबोर्ड आणि कहोनही (बसून वाजवायची लाकडी पेटी) असतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यांनी बोलावलं. म्हणाले, "ताई, एक झकास कॅटलॉग करून द्या." त्यांची खरी अडचण वेगळी होती. पोरं गिटार ऑनलाइन मागवतात आणि दुकानात येतात ती फक्त तार तुटली की. कॅटलॉग छापून ही पोरं येणार नाहीत, हे मला तिथं बसल्या बसल्या दिसत होतं.

परत येताना दीर गाडीवर म्हणाले, "वहिनी, या पोरांना वाचायला काय आहे?" त्यांचा स्वतःचा पुतण्या, म्हणजे माझा मुलगा, मित्रांबरोबर दंडोबाच्या डोंगरावर गाणं शूट करून आला होता. गाणी करणारी अशी पोरं आमच्या ओळखीतच पाच-सहा होती. कुणी घरच्या खोलीत गाद्या उभ्या करून रेकॉर्डिंग करतं, कुणी सांगलीच्या बोलीत रॅप लिहितं, कुणी गणपतीत बँजो पार्टीबरोबर वाजवून त्याच पैशांतून माइक घेतं. मिरजेची विसर्जन मिरवणूक आणि तिथल्या स्वागतकमानी बघायला लांबून माणसं येतात. त्या मिरवणुकीत वाजवणाऱ्यांबद्दल मात्र कुणी चार ओळी लिहिलेल्या मी वाचल्या नव्हत्या. सांगली आणि मिरजेच्या आजच्या गाण्यांचं, पॉपचं, द्वैमासिक काढायचं आणि ते अण्णांनी प्रकाशित करायचं, असं आम्ही ठरवलं. फक्त अण्णांना ते अजून माहीत नव्हतं.

पहिला प्रस्ताव पार फसला, आणि चूक आमची होती. लॅपटॉपवर चकचकीत स्लाइड्स केल्या. नमुन्याच्या पानांवर इंटरनेटवरून उचललेले परदेशी गायकांचे फोटो होते. तेही बिनपरवानगी, हे लिहिताना आजही वाईट वाटतं. अण्णा पाचव्या स्लाइडपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "ही माणसं आपल्या कुठल्या गल्लीतली?" थोड्या वेळानं पुढं म्हणाले, "ज्या गावात अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, ज्यांच्या स्मरणार्थ मीरासाहेब दर्ग्यात गाणं होतं, तिथं मी हे छापू?"

दुसऱ्या प्रश्नाला दिरांनी तिथंच उत्तर दिलं. बालगंधर्व आपल्याच जिल्ह्यातल्या नागठाण्याचे. त्यांची पदं ज्या काळी लोकांच्या तोंडी बसली, त्या काळी तेच लोकांचं गाणं होतं. आज लोक ज्यावर नाचतात त्याला कमी लेखायचं कारण नाही. अण्णा ऐकत राहिले, पण हो म्हणाले नाहीत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडं नव्हतंच. ते आणायला तीन आठवडे लागले.

त्या तीन आठवड्यांत आम्ही दहा गाणी निवडली. सगळी आमच्या भागातल्या पोरापोरींनी केलेली. प्रत्येक गाण्याखाली सगळ्यांची नावं द्यायची ठरवली : गीत, चाल, संगीत संयोजन, ढोलकी, कोरस, रेकॉर्डिंग, कॅमेरा. काम सोपं वाटलं होतं. निघालं असं की बहुतेक व्हिडिओंखाली गायकाचं आणि चॅनेलचं नाव, बाकी काही नाही. गायकाला विचारलं तर तो म्हणे, "ढोलकी मित्राच्या मित्रानं वाजवली, नंबर बघून सांगतो." एका गाण्याची कवयित्री आमच्याच ओळखीच्या शाळेत शिकवते, हे चौथ्या फोननंतर कळलं. तिच्या घरीसुद्धा ते गाणं तिचं आहे हे ठाऊक नव्हतं. द्वैमासिक कशासाठी हवं, याबद्दल माझ्या मनात जी काही शंका उरली होती, ती त्या फोनबरोबर गेली.

मग स्लाइड्स सोडल्या आणि खरी डमी, म्हणजे हातात घेऊन चाळता येईल असा नमुना अंक, बांधली. ए-फोर आकार २३ × ३६ इंचांच्या कागदात नीट बसत नाही. उभी दोन पानं २३ इंचांपेक्षा थोडी जास्तच भरतात. म्हणून ८.५ × १०.७५ इंच घेतलं. एका तावात दोन्ही बाजू मिळून १६ पानं, म्हणजे एक फर्मा; ३२ पानांना दोन फर्मे, वर मुखपृष्ठाची ४ पानं जाड आर्ट पेपरवर आणि मधोमध पिन. हजार प्रतींना आतला कागद चार रीम (एका रीममध्ये ५०० ताव), शिवाय वाया जाणारा. प्रत्येक गाण्याशेजारी क्यूआर कोड दिला, आणि तो फक्त काळ्या शाईत. चार रंगांत छापला आणि एखादा रंग केसभर जरी सरकला, तर मोबाइल तो वाचायला कुरकुर करतो. या गोष्टी गिऱ्हाइकाला सांगायच्या नसतात असं काही जण मानतात. मी सगळ्या सांगितल्या. पैसा त्यांचा लागणार होता.

अण्णांनी डमी हातात घेतली, उलटसुलट केली, पिन बघितली. अकराव्या पानावर थांबले. नावांच्या ओळीवरून बोट फिरवत परत मागं आले. ढोलकी वाजवणारा मुलगा सतारमेकर गल्लीतला, त्यांच्या ओळखीच्या कारागिराचा निघाला. त्या कारागिरानं तंबोऱ्यांचे भोपळे कोरण्यात आयुष्य घातलेलं. "हा वाजवतो?" अण्णांनी विचारलं. मी मोबाइल पुढं धरला, कोड स्कॅन झाला, दुकानात गाणं वाजलं. ते पूर्ण ऐकलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी फोन आला, "ताई, करू या."

यानंतर एका मुद्द्यावर सगळं जवळजवळ मोडलं होतं. अण्णांना मुखपृष्ठावर दुकान हवं होतं आणि कुणाचं गाणं घ्यायचं ते त्यांनी ठरवायचं होतं. मी नाही म्हणाले. मागचं पान पूर्ण त्यांचं, आतली दोन पानं त्यांच्या कारागिरांच्या कामावर, पण गाण्यांची निवड आमच्या संपादन गटाची. पोरांना हा अंक म्हणजे जाहिरात आहे असं एकदा वाटलं, की ती परत हातात घेणार नाहीत. आठ दिवस त्यांचा फोन नव्हता. ते आठ दिवस फार जड गेले, कारण कागदाचा ॲडव्हान्स आम्ही दिलेला होता. शेवटी त्यांनी मान्य केलं आणि ते आमच्या करारात लिहून घेतलं आहे.

नियतकालिकाच्या सरकारी नोंदणीचं थोडक्यात. १ मार्च २०२४ पासून १८६७ च्या जुन्या कायद्याऐवजी नवा कायदा लागू झाला आणि नियतकालिकाचा अर्ज आता प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइन करतात. शीर्षकासाठी एकच नाव धरून बसू नका, एवढं अनुभवानं सांगते. कागदपत्रं नीट असली की काम होतं.

पहिल्या अंकातलं जे पान मला सर्वांत मोलाचं वाटतं, ते गाण्याचं नाही. एका मुलानं आपलं गाणं किरकोळ रकमेत, फक्त व्हॉट्सॲपवर बोलून, एका चॅनेलला दिलं होतं. नंतर त्याच्याच गाण्यावर त्यालाच व्हिडिओ काढता येईना. आम्ही वकिलांकडून समजून घेतलं आणि साध्या मराठीत छापलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी हवं आणि देणाऱ्याची सही हवी. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. शिवाय आम्हीसुद्धा गीताचे शब्द छापायला प्रत्येकाकडून लेखी परवानगी घेतली. त्या पानाचे फोटो पोरं आजही एकमेकांना पाठवतात.

अंक विश्रामबागच्या कॉलेज परिसरात, सांगली-मिरजेतल्या संगीत क्लासेसमध्ये आणि अण्णांच्या काउंटरवर ठेवला. पहिला आठवडा शांत गेला. मग ढोलकीवाला मुलगा स्वतः दुकानात आला आणि पाच प्रती घेऊन गेला. एक आजीसाठी, असं म्हणाला. कवयित्री बाईंनी शाळेच्या वाचनालयात एक ठेवली. पोरं काउंटरवर अंक चाळता चाळता गिटार हातात घेऊ लागली आणि अण्णांनी दुकानाच्या कोपऱ्यात दोन स्टुलं आणून ठेवली.

सध्या पुढच्या अंकाचं काम सुरू आहे. तो बँजो पार्ट्यांवर आहे आणि फर्मे प्रेसला जायच्या आधी तासगाव रोडच्या एका पार्टीतल्या ताशेवाल्याचं नाव मिळवायचं बाकी आहे. त्याला पार्टीत सगळे एकाच टोपणनावानं ओळखतात, आणि पाळण्यातलं नाव विचारायला दीर आज संध्याकाळी त्याच्या घरी जाणार आहेत.