सहावे बोट

आज पोळ्याच्या आदल्या दिवसाची खांदशेकणी. धाकट्याने पळसाच्या पानांनी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावली आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" असे म्हणण्याची पाळी माझ्यावर आली, तेव्हा माझा आवाज फुटेना.

नाल्याचा पूर, कलंडलेली बंडी आणि हातातून सुटणारा आमच्या राजा बैलाचा कासरा, हे स्वप्न मला गेली चार वर्षे पडते. पूर साऱ्या गावाने पाहिला, मग रात्री तो माझ्याच दारी का येतो? येतो तोही पहाटे, कारण रात्र सरते तशी स्वप्नांची झोप लांबत जाते. म्हणून दोन महिन्यांपासून पाण्याचा गडवा उचलताना, दावे सोडताना मी हाताची बोटे मोजतो आणि हे स्वप्न तर नाही ना, असे स्वतःला खरोखर विचारतो. पहाटे दचकून उठलो की तेच स्वप्न आठवून 'पुढच्या वेळी ओळखीन' असे घोकत पुन्हा डोळे मिटतो. स्वप्नांच्या झोपेत अंग लुळे पडते, डोळे तेवढे हलते राहतात, आणि १९७५ साली इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या प्रयोगात एका माणसाने स्वप्नातूनच, आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून खूण केली होती, हे वाचल्यापासून स्वप्नात असतानाच ते स्वप्न आहे हे ओळखता येते, यावर माझा विश्वास बसला आहे.

आज पहाटे कासरा धरलेल्या माझ्या हाताला सहा बोटे होती. मी ओळखले. पाण्याला थांब म्हटले आणि ते थांबले. गुडघाभर गढूळ पाण्यात राजा उभा होता, डाव्या शिंगावरचा बेगडाचा तुकडा सुटून वाऱ्याने हलत होता. भीती उरली नव्हती, पण हा खरा नाही हे कळल्यावर त्याच्या पाठीवर हात ठेवण्याचे मला धैर्य झाले नाही, आणि जाग आली.

त्या दिवशी कासरा सुटला, असेच मी सगळ्यांना सांगितले. सुटला की मी सोडला? पूर थांबवता आला तरी हा प्रश्न तिथेच राहिला. धाकट्याला एकदा सांगायला हवे होते. आईला तर...

आता पाणी अडवायचे नाही, असे ठरवले आहे. आज झोपताना 'ओळखीन' म्हणेन आणि 'हात ठेवीन' असेही म्हणेन. तो खरा नसला तरी मी तिथे असेन.

राजाची झूल धुऊन वाळली आहे. ती उद्या नव्या गोऱ्ह्यावर घालू का, असे धाकट्याने विचारले आणि मी घाल म्हटले.