आमची वाटचाल : पाणी मोजूनच दिलं

2009 साली भोसरीत एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आम्ही कारखान्यांच्या कूलिंग टॉवरचं, म्हणजे यंत्रांतून तापून आलेलं पाणी गार करणाऱ्या टॉवरचं, पाणी तपासून सांभाळायचं काम सुरू केलं. आम्ही म्हणजे मी आणि मामा. मामा नात्याने माझे कुणी नव्हेत. पिंपरीच्या एका कारखान्यात युटिलिटीत, म्हणजे पाणी-वाफ पुरवणाऱ्या विभागात, तीस वर्षं काढून निवृत्त झालेले, सगळा एरिया त्यांना मामाच म्हणायचा. पैसे माझे, अनुभव त्यांचा. सामान म्हणजे एक ब्युरेट म्हणजे थेंब मोजायची काचनळी, पाण्याचा जडपणा मोजायच्या ईडीटीएची बाटली, विरघळलेले क्षार दाखवणारा कंडक्टिव्हिटी मीटर आणि माझी स्कूटर.

टॉवरवर गेलं की मामा आधी मीटर काढायचे नाहीत. बाही वर करून बेसिनच्या भिंतीला पाण्याखाली बोट फिरवायचे. "बुळबुळीत लागतंय. हायपो सोडता, की नुसतं वहीत लिहिता?" हायपो म्हणजे शेवाळ-जंतू मारायचं क्लोरिनचं द्रावण. ऑपरेटरची मान खाली. मग हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा. नमुन्यात बफर, रंग दाखवायला चिमूटभर इरिओक्रोम ब्लॅक टी, पाणी लालसर जांभळं. ब्युरेटमधून एकेक थेंब सोडत फ्लास्क हलवत राहायचं. शेवटच्या थेंबाला तो लाल पार जातो आणि फ्लास्क निळा होतो. आता पट्ट्या मिळतात, पण माझ्याकडे कामाला असलेली मुलं आजही ब्युरेटच वापरतात. पट्टीच्या रंगावर विसंबून मी कुणाच्या कंडेन्सरची, टॉवरचं पाणी ज्याच्या नळ्यांतून फिरतं त्याची, जबाबदारी घेणार नाही.

पहिली सहा-सात वर्षं चांगली गेली. मग 2016 चा उन्हाळा आला.

महाराष्ट्रभर दुष्काळ होता. चाकणचा एक मोठा प्लांट आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, निम्मी उलाढाल त्याच्यावर. तिथे मेकअपला, म्हणजे टॉवरमधल्या कमी झालेल्या पाण्याची भर घालायला, टँकर सुरू झाले. एक टँकर 250 हार्डनेसचा, दुसरा 900 चा, कारण बोअर वेगळी. आम्ही ब्लोडाऊन, म्हणजे क्षार साठलेलं पाणी बाहेर सोडणं, वाढवायला सांगितलं. परचेसवाले भडकले. विकतचं पाणी आणि तुम्ही ते गटारात सोडायला सांगता? नेमका तेव्हाच दुसरा सप्लायर आत शिरला. आमच्यापेक्षा बराच कमी रेट आणि वर वचन : "आमच्या पावडरवर ब्लोडाऊन बंद ठेवा." ऑर्डर त्याला गेली.

या धंद्यातल्या माणसाला हिशेब वेगळा सांगायला नको, तरी मांडतो. फिरतं पाणी तासाला 100 घनमीटर आणि टॉवरमध्ये येणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तापमानात फरक पाच अंशांचा असला तर तासाला साधारण पाऊण घनमीटर वाफ होऊन जातं. क्षार मागेच राहतात. भरीच्या पाण्यापेक्षा ते टॉवरमध्ये जितके पट होतात, तितक्या सायकल. दोन सायकलला जेवढी वाफ तेवढंच ब्लोडाऊन. पाच सायकलला ते चौथाईवर येतं आणि दिवसाला जवळजवळ 14 घनमीटर वाचतात, म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर आणि वर चार हजार लिटर. पण पाचावरून दहावर नेलंत तर आणखी जेमतेम अडीच घनमीटर हाताला लागतात. एवढ्यासाठी हार्डनेस दुप्पट करायचा? हे मी त्या मीटिंगमध्ये फळ्यावर लिहून दाखवलं होतं. कुणी वर पाहिलं नाही.

मे महिन्यात त्यांचे चिलर, म्हणजे गारवा करणारी यंत्रं, हाय प्रेशरवर ट्रिप होऊन बंद पडायला लागली. नव्या सप्लायरने सांगितलं, हा जुना स्केल म्हणजे क्षारांचा थर आहे, आधीच्यांनी बसवलेला. आणि ते खरं मानलं गेलं! आमची पाच महिन्यांची बिलं "चौकशी होईपर्यंत" अडकली. बातमी चाकणभर फिरली, आणखी दोन ठिकाणी काम थांबलं. मी टेम्पो विकला. कामावरच्या चार मुलांपैकी दोघांना सोडावं लागलं, त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. मामांनी त्यांचा हिस्सा घेणं बंद केलं आणि रोज वेळेवर येत राहिले.

तेव्हा भोसरीचे काका उभे राहिले. प्लास्टिक मोल्डिंगचा छोटा कारखाना, गच्चीवर एक लहान टॉवर, आम्हाला मिळालेलं दुसरं गिऱ्हाईक. न मागता तीन महिन्यांचे पैसे आगाऊ दिले. म्हणाले, "अरे, तू दर आठवड्याला वही भरतोस ना? त्यांच्या माणसाची सही घेतोस ना? मग घाबरतोस कशाला? वही घेऊन जा."

गेलो. फेब्रुवारीत कंडेन्सर उघडला होता, त्याची नोंद होती : ट्यूब स्वच्छ, खाली त्यांच्याच इंजिनिअरची सही. कव्हर पुन्हा उघडायला लावलं. ट्यूबशीटवर, म्हणजे नळ्या बसवलेल्या पत्र्यावर, अंड्याच्या टरफलासारखा पांढरा थर. एक पापुद्रा बशीत ठेवून मामांनी त्यावर ॲसिडचा थेंब टाकला. फसफसून आलं. कार्बोनेट, टँकरच्या पाण्याचं. पाण्याचा धातूवर होणारा परिणाम पाहायला पट्ट्या लावलेलं आमचं कूपन रॅक एप्रिलपासून कुणी उघडलंच नव्हतं. सगळ्यांनी पाहिलं. "बरं, बघतो," एवढंच उत्तर मिळालं. आमची चूक नव्हती असं एक ओळीचं पत्र मागितलं होतं, ते कधीच आलं नाही.

म्हणून नव्या मुलांना सांगतो, टँकर रिकामा होण्याआधी त्याचा नमुना घ्या. ब्लोडाऊन घड्याळावर ठेवू नका, कंडक्टिव्हिटी कंट्रोलरवर ठेवा आणि प्रोब दर आठवड्याला पुसा. पीएच आठाच्या वर असेल तर नुसत्या हायपोवर राहू नका, तिथे क्लोरिनची ताकद उतरते. कंडेन्सर उघडला की तिथल्या तिथे सही घ्या, चहा नंतर प्या.

पुढे काम सावरलं. आज अकरा माणसं आहेत, स्वतःची लॅब आहे. काकांचा टॉवर अजून आमच्याकडेच आहे, तिथे मी स्वतः जातो.

मागच्या वर्षी चाकणच्या त्याच प्लांटमधून फोन आला. माणसं सगळी नवीन. टॉवर पाहायला गेलो तर आमचं रॅक भिंतीला तसंच, व्हॉल्व्ह गंजून बसलेला, मामांनी पिवळ्या रंगाने घातलेला नंबर दिसत होता. मी कोटेशन दिलं, आमच्या नेहमीच्या रेटने. सोबत 2016 च्या पाच बिलांच्या झेरॉक्स लावल्या. लेजरला ती रक्कम अजून येणे म्हणूनच उभी आहे.